उन्हाळी सुट्टी, विद्यार्थी आणि मुक्त सॉफ्टवेअर



ग्रंथालयाची शताब्दी ही देणाऱ्या हातांची शताब्दी असते. कोणी जागा दिली, कोणी वर्गणी गोळा केली, कोणी घरातील ग्रंथांच्या पेट्या आणून दिल्या, तेव्हा अशा संस्था उभ्या राहिल्या. नव्या पिढीपाशी जागा नाही, पैसा नाही. परंतु संगणकाची विद्या आहे आणि उन्हाळ्याची सुट्टी आहे. ही विद्या ग्रंथालयाच्या आणि मराठीच्या कामी कशी यावी, हा आजचा विषय आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना. विकत मिळणाऱ्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये या सूचना गुप्त असतात. वापरणाऱ्याने तक्रार करावी आणि वाट पाहावी. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्या कोणालाही वाचता येतात, सुधारता येतात आणि सुधारलेली प्रत इतरांना देता येते. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराने आपल्या प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी एका कार्यप्रणालीवर काम करीत होता. तीच पुढे लिनक्स या नावाने जगभर पसरली. सुट्टीतला विद्यार्थी काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

२००५ मध्ये गूगल कंपनीने ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०० विद्यार्थी निवडले गेले. विद्यार्थ्याने एखाद्या मुक्त प्रकल्पाचे काम पाहावे, त्यातील कोणती उणीव आपण दूर करू हे लिहून कळवावे, निवड झाल्यास त्या प्रकल्पातील अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सुट्टीत काम पुरे करावे आणि मानधन घ्यावे, अशी ही पद्धत. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही राहिली नाही. या उपक्रमाच्या पहिल्या १० वर्षांत सर्वांत अधिक विद्यार्थी अमेरिकेतील एखाद्या प्रख्यात विद्यापीठाचे नव्हते, तर श्रीलंकेतील मोरातुवा विद्यापीठाचे होते. स्थानमाहात्म्याचा बाऊ करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने हेच कार्य शिक्षणक्षेत्राच्या अंगाने केले. तेथील उन्हाळी पाठ्यवृत्तीत देशभरातील महाविद्यालयीन विद्यार्थी मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतात. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनी ‘सायलॅब’ या मुक्त प्रणालीत लिहून काढली. पोलादी बांधकामाच्या संकल्पनासाठी ‘ऑस्डॅग’ ही प्रणाली तेथेच घडली. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत.

ग्रंथालयाच्या अधिक जवळचे उदाहरण दूरच्या देशातील आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाला १९९९ मध्ये आपली जुनी संगणकव्यवस्था बदलणे भाग पडले. त्यांनी नवी व्यवस्था तयार करवून घेतली आणि ती सर्वांना खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ देणगी, परंतु घेणाऱ्यानेही कधी तरी परत काही द्यावे, हे त्यात गृहीत असते. ग्रंथसूची, देवघेव आणि सभासदांची नोंद ठेवणारी ही व्यवस्था आज भारतातही अनेक ग्रंथालये वापरतात. वेलिंग्टन येथील कॅटॅलिस्ट या कंपनीने २०११ पासून जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळी सुट्टीत, शाळकरी मुलांसाठी शिबिरे भरविली. त्या मुलांनी केलेल्या दुरुस्त्या प्रत्यक्ष ‘कोहा’त समाविष्ट झाल्या.

मराठीचा संबंध नेमका येथे येतो. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठविता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तेच. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तरी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिण्याची रीतही चालूच आहे. ही दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर ग्रंथ फडताळात असूनही सूची सांगेल, ‘उपलब्ध नाही’. सूचीत न सापडलेला ग्रंथ वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच. ही चूक वेलिंग्टनच्या मुलाच्या लक्षात येणार नाही. ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल आणि त्यानेच ती दूर केली पाहिजे.

उचगाव हे बेळगाव-वेंगुर्ले मार्गालगतचे गाव. येथे मराठी साहित्य संमेलने भरत आली आहेत. जवळच्या बेळगावात १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. भाषेचे प्रेम आणि यंत्राची विद्या अशी शेजारी नांदत असताना त्यांची गाठ मात्र क्वचित पडते. या भागातील विद्यार्थी मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिप्या वाचतो. ज्याच्या कपाटांत या तिन्ही भाषांचे ग्रंथ आहेत, अशा ग्रंथालयाच्या सूचीचे दोष त्याच्याइतके कोणाला कळणार?

यासाठी मोठा निधी लागत नाही. वाचनकक्षातील एखादा कोपरा, दोन-तीन संगणक, एक अनुभवी मार्गदर्शक आणि सूचीची जाण असलेला ग्रंथपाल एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात मुलांनी ग्रंथनामे शोधून कोणती सापडत नाहीत याची नोंद करावी. नंतर तो दोष प्रकल्पाच्या चालकांना नेमक्या शब्दांत कळवावा, पडद्यावरील सूचनांचे सुबोध मराठी करावे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी दुरुस्ती लिहावी. जागतिक उपक्रमांत निवड थोड्यांचीच होते. परंतु तेथे अर्ज करण्याची खरी तयारी अशाच कामातून होते.

या योजनेतील अडचणही लपवू नये. उन्हाळा संपतो, विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जातो आणि काम अर्धवट राहते. म्हणून मागील वर्षीच्या मुलाने पुढील वर्षीच्या मुलाला शिकवावे, ही प्रथा पडली पाहिजे. विद्यार्थी येतील आणि जातील. ग्रंथालय जागच्या जागी असते. शंभर वर्षे नोंदवह्या सांभाळणाऱ्या संस्थेला ही आणखी एक नोंदवही सांभाळणे अवघड नाही.