विश्वस्तांचा गज



सार्वजनिक संस्था चालविण्याची रीत सर्वत्र सारखी नसते. महाराष्ट्रात तिचे निदान तीन नमुने दिसतात.

पहिला नमुना सेवकांच्या कारभाराचा. 1884 साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर शिकविणारे आजीव सदस्यच कारभार पाहत. मतभेद होऊन 1890 साली लोकमान्य टिळक बाहेर पडले. तरी फर्ग्युसन महाविद्यालय चालू राहिले. तेथे नियम व्यक्तीहून मोठा ठरला.

दुसरा नमुना संस्थापकाच्या कर्तृत्वाचा. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिनेही दिले. अशा संस्थेत एका शब्दावर काम उभे राहते. मात्र तो शब्द देणारा गेल्यावर संस्थेची खरी परीक्षा होते. 1959 साली कर्मवीर निवर्तले, तरी रयत वाढतच गेली. कारण कार्यकर्त्यांची फळी त्यांनी हयातीतच घडविली होती.

तिसरा नमुना शासननियुक्त समितीचा. शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी 2004 साली स्वतंत्र कायदा झाला व समिती नेमण्याचा अधिकार राज्य शासनाकडे गेला.

समाजाचे ट्रस्ट या तिहींहून वेगळे. तेथे समाजाचेच पंच कारभार पाहतात. हे स्वातंत्र्य सहज टिकलेले नाही. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याला एका जैन देवालयाच्या व्यवस्थापकाने आव्हान दिले. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या त्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संस्थेवर धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची तरतूद अवैध ठरविली. नोंदणी व हिशेबतपासणीचे बंधन मात्र कायम ठेवले. कारभार समाजाचा, पण हिशेब सर्वांसमोर, असा त्या निकालाचा अर्थ.

कापड मोजणारा गज दुकानदाराच्या हाती असतो, पण त्याची लांबी दुकानदाराने ठरवायची नसते. विश्वस्तपदाचेही तसेच आहे. तिजोरीच्या किल्ल्या विश्वस्तांकडे असल्या, तरी तिजोरी त्यांची नव्हे.

पिंपरी-चिंचवडच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी पदरमोड करून अनेक संस्था उभारल्या. त्यांची नातवंडे आज चाकणच्या कारखान्यांत अभियंते आहेत, काही परदेशी आहेत. त्यांना केवळ पंगतीच्या वाढपासाठी बोलाविले आणि सभेत मागे बसविले, तर उद्या किल्ल्या घेण्यास कोणी पुढे येणार नाही. ज्येष्ठांनी मार्गदर्शक व्हावे, तरुणांना व भगिनींना मंडळात घ्यावे, विरोधी मतही इतिवृत्तात नोंदवावे आणि विश्वस्त बदलल्याची सूचना 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयास द्यावी. एवढी शिस्त पाळली, तरी निम्मे तंटे टळतात.

सुवर्णमहोत्सव हा संस्थापकांच्या गौरवाचा प्रसंग खराच. त्यांनी जपलेल्या किल्ल्या त्यांच्याच हस्ते, त्यांच्याच डोळ्यांदेखत पुढच्या पिढीकडे सोपविल्या जाव्यात. याहून मोठा गौरव कोणता?

जय जिनेंद्र!