नागीण, तिचे औषध आणि आपली मूत्रपिंडे



अंगावर नागीण उठली की आपल्याकडे पहिली आठवण होते ती गेरूची. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस संपला, ही भीती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वास्तविक कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात. वय झाले, शक्ती घटली, की ते एखाद्या तंतूच्या वाटेने वर येतात. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा. म्हणून तो वेढा सहसा पुरा होतच नाही.

यावर असायक्लोव्हिर हे गुणकारी औषध आहे. त्याच्या संशोधनात अग्रभागी असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू करावे. प्रौढांना सामान्यतः ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात.

मळमळ, डोकेदुखी, जुलाब हे त्रास होतात आणि बहुधा आपोआप थांबतात. त्यांना भिऊन गोळ्या परस्पर सोडू नयेत. खरे जपायचे ते मूत्रपिंडांना. कारण हे औषध बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. नीरेच्या डाव्या कालव्यावर पिके काढणाऱ्यांना अधिक काय सांगावे? पाणी वाहते तोवर गाळ पुढे जातो; पाणी रोडावले की तो तळाशी बसतो. शरीरात पाणी कमी पडले तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकू शकतात. औषध शिरेतून दिले तर हा धोका अधिक. वैशाखाच्या उन्हात दिवसभर उसात राबायचे आणि वर दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घ्यायची, हे तर मूत्रपिंडांवर दुहेरी ओझे.

निरोगी माणसाच्या रक्तातले हे औषध सुमारे तीन तासांत निम्मे होते. मूत्रपिंडे निकामी झाली असतील तर सुमारे वीस तास लागतात. मात्रा तीच ठेवली तर औषध साचते. मग आजोबा असंबद्ध बोलू लागतात, नसलेली माणसे त्यांना दिसतात. कोणी म्हणते म्हातारचळ, कोणी म्हणते बाहेरची बाधा. असे औषध चालू असताना घडले, तर अंगारा शोधू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वेळीच ओळखले तर हा भ्रम बहुधा काही दिवसांत ओसरतो.

तेव्हा इंदापूरच्या दवाखान्यात जा की बारामतीच्या, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपले वय, मधुमेह, मूत्रपिंडाची तक्रार आणि चालू गोळ्या सांगा. पाणी भरपूर प्या. मात्र ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी विचारूनच प्यावे. नागिणीचे भय सोडू या, पण औषधाचे भान सोडू नये, एवढीच आमची विनंती आहे.