मौन म्हणजे क्षेम नव्हे
(पाचगणी परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



शाळा भरली की शिक्षक प्रथम हजेरी घेतात. एकेक नाव उच्चारले जाते आणि ‘हजर’ असे उत्तर येते. वर्गात बसलेल्या मुलाचे पोट दुखू लागले, तर तो स्वतः हात वर करील. परंतु जो वाटेतच अडकला, तो हात कसा वर करणार? त्याची अनुपस्थिती हजेरीनेच उघड होते. दूरच्या यंत्रावर देखरेख ठेवण्याचे शास्त्र या दोन गोष्टींवर उभे आहे : यंत्राने आपण होऊन हाक मारणे, आणि मध्यवर्ती ठाण्याने यंत्राची हजेरी घेणे.

आज अनेक शाळांत संगणक आले आहेत. त्यांस एकमेकांशी जोडणारी जी लहानशी पेटी असते, तिला नेटवर्क स्विच म्हणतात. टपाल कचेरीतील कारकून पत्ता पाहून पत्र नेमक्या खणात टाकतो. स्विचही आलेला मजकूर पत्ता पाहून नेमक्या संगणकाकडे धाडतो. तो बंद पडला की त्यावर अवलंबून असलेले सारे संगणक एकाच वेळी मुके होतात.

पाचगणी हे सुमारे १,३०० मीटर उंचीवरील गाव. पावसाळ्यात येथे धुके, दमट हवा आणि मुसळधार पाऊस यांचे राज्य असते. अशा दिवसांत वीज जाते, तार तुटते, कुलूपबंद खोलीतील स्विच बिघडतो. आणि दुरुस्ती करणारा मनुष्य पसरणीचा घाट उतरून वाईला किंवा साताऱ्यास असतो. म्हणून दुरूनच यंत्राची प्रकृती कळावी, अशी योजना करावी लागते.

त्यासाठी ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’, संक्षेपाने एसएनएमपी, ही नियमावली १९८८ साली प्रसिद्ध झाली. साध्या, स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते; ‘मॅनेज्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्विचमध्ये बहुधा असते. मध्यवर्ती संगणक ठराविक वेळाने विचारतो : कोणती जोडणी चालू आहे? किती मजकूर गेला? त्यात सदोष किती? प्रत्येक प्रश्नास ठरलेला क्रमांक असतो आणि स्विच त्या क्रमांकाचे उत्तर देतो. ही झाली हजेरी. एखादी जोडणी तुटली, तर स्विच न विचारताही निरोप पाठवितो. त्या निरोपास ‘ट्रॅप’ म्हणतात. हा झाला वर केलेला हात.

मग ट्रॅप असताना हजेरी कशाला, असा प्रश्न सहज उद्भवतो. साधा ट्रॅप हा पोच न घेणाऱ्या पत्रासारखा असतो. तो वाटेत हरवला, तर पाठविणाऱ्यास कळत नाही आणि घेणाऱ्यासही कळत नाही. शिवाय वीजच गेली तर स्विच बोलणार कशाच्या बळावर? काही यंत्रांत क्षणभर पुरेल इतकी वीज साठवून अखेरचा निरोप धाडण्याची सोय असते. परंतु ती सर्वांत नसते. म्हणून दर पाच मिनिटांनी विचारावे आणि लागोपाठ तीनदा उत्तर न आल्यास धोक्याची घंटा वाजवावी, अशा प्रकारचा नियम घालून देतात. येथे मौन हीच बातमी ठरते.

याचा अतिरेकही घातक असतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांस सांगतो. क्षुल्लक कारणाने दिवसभर घंटा वाजू लागली, तर खऱ्या संकटाच्या वेळी कोणी उठत नाही. मुख्य स्विच बंद पडला की त्याच्या पलीकडील दहा स्विचही निरुत्तर होतात. तेव्हा अकरा घंटा न वाजता मुख्य स्विचची एकच वाजली पाहिजे. तसेच, घंटेचा निरोप त्याच तुटलेल्या तारेवरून जाणार असेल, तर तो पोहोचणारच नाही. त्यास मोबाइलसारखी निराळी वाट हवी.

ही गोष्ट केवळ संगणकांपुरती नाही. पाचगणीच्या कड्यावरून खाली धोम धरणाचे पाणी दिसते. तीच कृष्णा पुढे सांगलीस जाते. तेथील आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट अशी ठरलेली आहे. एक आकडा सावध होण्याचा, दुसरा हलण्याचा. घंटांची प्रतवारी हीच. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि सांगलीकरांचे संसार पाण्याखाली गेले. कृष्णेच्या खोऱ्यात पाऊस आणि नदीची पातळी आपोआप मोजून दूरवर कळविणारी केंद्रे जलसंपदा विभागाने उभारली आहेत. अशा एखाद्या केंद्राकडून काहीच आले नाही, तर ‘पाऊस शून्य’ असे लिहून चालेल काय? मुळीच नाही. शून्य हे उत्तर आहे. मौन हे उत्तर नव्हे. हा भेद न ओळखणाऱ्यास पुराची वर्दी पाणी दारात आल्यावरच मिळावयाची.

शिक्षकांनी हा पाठ वर्गात खेळाच्या रूपाने द्यावा. एका मुलास ठाणे करावे, इतरांस स्विच. एकास गुपचूप बाहेर पाठवावे आणि ठाण्याने तो हजेरीवाचून ओळखता येतो का, ते पाहावे. शाळेत मॅनेज्ड स्विच असल्यास त्याचा मूळचा ‘पब्लिक’ हा सर्वांस ठाऊक असलेला परवलीचा शब्द बदलून घ्यावा. घंटा वाजल्यावर कोणी धावावयाचे, तो नसल्यास दुसरा कोण, ही नावे भिंतीवर लावावीत. महिन्यातून एकदा मुद्दाम तार काढून घंटा वाजते की नाही, याची खात्री करावी.

यंत्र विचारील, यंत्र ओरडेलही. पण उठून जावयाचे ते माणसानेच. जो मुलगा हजेरीला उत्तर देत नाही, त्याच्या घरी चौकशीस जाणारा शिक्षक हे तत्त्व पूर्वीपासूनच जाणतो.