दात उजळवणारी पेस्ट आणि आपली मिश्री

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. किराणा दुकानात दात पांढरे करणारी पेस्ट मिळते. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘सौम्य, रोज वापरा.’ मग ती घ्यावी का? लग्नकार्यात फोटो काढताना तोंडावर पदर घेणाऱ्या बाया आपल्यात काही कमी नाहीत. म्हणून हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आज त्यावरच बोलू.

आधी दाताला रंग कुठून येतो ते पाहू. दाताचं वरचं कवच टणक आणि थोडं आरपार असतं. त्याच्या आतला थर मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं कवच झिजतं आणि आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो. त्यामुळे दात थोडा पिवळा आहे म्हणजे तो आजारी आहे असं समजू नका. दुसरा रंग बाहेरून बसतो. चहाचा, पानाचा, तंबाखूचा आणि मिश्रीचा. तिसरे डाग पाण्याचे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार असतं. लहानपणी दात तयार होत असताना ते पोटात गेलं, तर दातांवर कायमचे पांढरे नाहीतर तपकिरी डाग पडतात.

दात उजळवणारी पेस्ट या तिन्हींपैकी फक्त बाहेरून बसलेला रंग काढते. तिच्यात अगदी बारीक पूड असते, ती डाग घासून काढते. काही पेस्टमध्ये निळसर रंग असतो. पांढऱ्या धोतराला आपण नीळ घालतो ना, तसाच प्रकार. तेवढ्यापुरता दात पांढरा दिसतो. आतला पिवळेपणा आणि पाण्याचे डाग मात्र जिथल्या तिथे राहतात.

आता ‘सौम्य’ या शब्दाकडे पाहू. घासणारी पूड जितकी भरड, तितकं कवच जास्त झिजतं. आणि दाताचं कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही. म्हणूनच राख, कोळसा, विटेची पूड, जाडं मीठ यांनी दात घासू नयेत. काळी कोळशाची पेस्ट आता महागड्या खोक्यात मिळते, पण कोळसा तो कोळसाच. लिंबू आणि खायचा सोडा लावून दात पांढरे करायचा उपायही नको. लिंबाच्या आंबटाने कवच मऊ पडतं आणि वरून घासलं की ते निघून जातं.

पेस्ट घेताना खोक्यावर दोन गोष्टी बघा. फ्लोराइड आहे का, आणि मुदत संपली आहे का. पिण्याच्या पाण्यात जास्त झालं तर डाग पाडणारं फ्लोराइड पेस्टमध्ये बेताचं असतं, आणि ते दात किडण्यापासून वाचवतं. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. आधी लहान ट्यूब घ्या. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मऊ ब्रश, हलका हात, सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं. चिंच, लिंबू, कैरी खाल्ली असेल तर अर्धा तास थांबून मग घासा. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, गिळू नका. लहान मुलांना ही पेस्ट देऊ नका. त्यांना साधी पेस्ट, तीही तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढीच.

महिनाभर वापरून बघा. चहाचे डाग फिकट झाले तर ठीक. पण गार पाण्याने दातांत झिणझिण्या येऊ लागल्या किंवा हिरड्या दुखू लागल्या, तर ती बंद करून साध्या पेस्टवर या. जोर लावून घासल्याने दात लवकर पांढरे होत नाहीत. उलट हिरडी खाली सरकते.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. आपल्याकडे बऱ्याच बायांचे दात काळे होतात ते मिश्रीने. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि दात घासायच्या नावाखाली दिवसातून तीन-चारदा लावायची. सोलापुरात तर हजारो बाया विड्या वळतात. त्यांच्या हाताखाली तंबाखू कायमचीच. मिश्री लावणं चालू ठेवून वरून महागाची पेस्ट लावणं म्हणजे शेणाचे हात न धुता भाकरी थापण्यासारखं आहे.

‘मिश्रीशिवाय मला परसाकडला होत नाही, डोकं धरतं,’ असं बाया सांगतात. त्या खोटं बोलत नाहीत. तंबाखूतलं निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि शरीराला त्याची सवय लागते. म्हणजे दात दोनदाच घासायचे असतात, चारदा घासावंसं वाटतं ती तलफ असते. सरकारने १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र कुणाची बंदी चालत नाही. ती आपली आपणच घालायची. पोटुशी बाईने तर मिश्रीला हातच लावू नये. तंबाखूमुळे बाळाचं वजन कमी भरतं.

सोडताना सगळ्यात सोपी वेळ आधी सोडा, जेवणानंतरची. त्या वेळी बडीशेप चावा, पाणी प्या, दळण निवडायला बसा. पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही. मग तलफ हळूहळू उतरते. सुनेने सासूला टोमणे मारून मिश्री सुटत नाही. दोघीतिघींनी मिळून सोडली तर एकमेकींना आधार होतो. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६.

आणि एक काम आजच करा. उजेडात आरसा धरून तोंड बघा. गालाच्या आत, जिभेखाली, मिश्री लावता त्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत का? यातलं काहीही असेल तर पेस्ट बदलत बसू नका, दवाखान्यात जा. सोलापूरला सिव्हिल हॉस्पिटल आहे. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. त्याच बार्शीत १९८७ साली खेड्यातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागासाठीची ही देशातली पहिली नोंदणी. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो. उशीर झाला तर उपचार अवघड होतात.

तर मैत्रिणींनो, सौम्य पेस्ट हवी असेल तर जरूर घ्या, त्यात वावगं काही नाही. पण ट्यूब आणाल त्या दिवशी मिश्रीची डबी घरातून बाहेर काढा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आरसा आणावा आणि शेजारणीचंही तोंड बघावं.