ओझ्याचा मालक कोण?
(इस्लापूर येथे केलेलं भाषण)



एव्हरेस्टच्या हमालांबद्दल इस्लापुरात का बोलतोस, असं एकानं विचारलं. मी गोदीत गोणी उचलतो, म्हणून.

7 जून 1922 ला एव्हरेस्टवर हिमकडा कोसळला. 7 हमाल मेले, साहेब वाचले. मॅलरी सगळ्यांना ठाऊक. त्या सातांतला एक तरी सांगा! 18 एप्रिल 2014 ला तिथंच 16 नेपाळी कामगार गेले. सरकारनं आधी घरटी 40 हजार रुपये पुढं केले. शेर्पांनी कामच बंद पाडलं.

आपल्याकडं अण्णासाहेब पाटलांनी माथाडी उभा केला, 1969 ला कायदा झाला. त्यातली मेख बघा. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून हमाल मंडळात नोंदवायचा. मालकानं मजुरी अन् वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक पळाला तरी फंड पळत नाही.

मग सह्याद्रीत तुमच्या सॅका वाहणारा आदिवासी पोऱ्या, घारापुरीच्या पायऱ्यांवर शेठची डोली उचलणारा, हे कुणाच्या वहीत? एजंट म्हणतो, आमचा माणूसच नाही. साफ खोटं! ट्रेकची पावती फाडतो तोच मालक.

पेरूत 2001 च्या कायद्यानं इंका वाटेवरच्या हमालाला 20 किलोची हद्द घातली. शहरातल्या पोरांनो, ट्रेकचे पैसे मोजण्याआधी विचारा : काटा कुठाय? हमालाचा विमा कुठाय?