पत्राला उत्तर



अध्यक्षाने दिलेला विषय सोडून बाकी सगळ्यावर बोलावं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. संयोजकांनी मला 'धर्म आणि समलिंगी नाती' हा विषय देऊन ती सोय काढून घेतली. निमंत्रणपत्रिकेत मात्र 'धर्म आणि काही नाती' असं छापलं गेलंय. हा 'काही' कोणाला सुचला, ते मी विचारलं नाही. मी याच शनिवार पेठेत वाढलो. तो 'काही' माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक अविवाहित गृहस्थ राहत. कारकुनी नोकरी, पांढराशुभ्र शर्ट, गणपतीच्या आरतीला खणखणीत आवाज. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचे मित्र दिंडी दरवाजातून सायकल आत घेत आणि जिना चढून जात. तीस वर्षं हा क्रम. माझी आई होळीला पुरणपोळ्या पाठवायची तेव्हा डब्यात दोघांचा हिशेब धरायची. तोंडाने मात्र 'वरच्यांना देऊन ये' एवढंच म्हणायची. वाड्याला सगळं माहीत होतं. कोणी वावगं बोललं नाही. त्याचं पुष्कळ वर्षं मला कौतुक वाटे.

ते गेले. दहावा ओंकारेश्वराच्या घाटावर झाला. नाशिकहून आलेल्या पुतण्याने पिंड ठेवला, आम्ही सगळे लांब उभे. कावळा शिवेना. मग नेहमीसारखी बोलणी सुरू झाली. तुमची पुस्तकं नीट ठेवू, भाड्याची बाकी चुकती करू, कुलदैवताला जाऊन येऊ. अर्धा तास गेला. मित्र पायऱ्यांवर, सगळ्यांच्या मागे, चपला हातात घेऊन उभे होते. 'यांच्याकडे आम्ही बघू' असं एकदा म्हणून पाहावं, हे घाटावरच्या वीस-बावीस माणसांपैकी एकालाही सुचलं नाही, किंवा सुचलं आणि जिभेवर आलं नाही. मीही त्यांतलाच. शेवटी दर्भाचा कावळा करून गुरुजींनी उरकलं.

धर्माचा विरोध म्हटला की आपल्याला मोर्चे आठवतात. डिसेंबर १९९८मध्ये 'फायर' चित्रपटाच्या खेळावर मुंबईत झालेला हल्ला आठवतो. त्यातल्या परस्परांच्या प्रेमात पडणाऱ्या दोन बायकांची नावं राधा आणि सीता असल्याचाही राग होता. आमच्या पेठेतला विरोध असा नव्हता. तो सोवळ्यासारखा होता. माणसाला कोणी हाकलत नसे, त्याचं नाव तेवढं विटाळ धरून बाजूला ठेवलेलं असे.

या न बोलण्याला धक्का लावणारा माणूस मराठीत फार आधी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचा प्रचार थांबवेनात म्हणून १९२५मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली. कॉलेज मिशनऱ्यांचं. पुढे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, तर १९३१मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी पुण्याच्या सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. शंभर रुपये दंड झाला. पाद्री आणि शास्त्री यांचं एकमत होण्याचे प्रसंग थोडे. कर्व्यांनी ते एकट्याने घडवून आणलं.

१९३४चा खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात लेख नव्हता. वाचकांनी खासगी प्रश्न पाठवले होते, हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल. कर्व्यांनी त्यांना अंकात उत्तरं दिली. गुन्हा एवढाच. उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, वाचक विचारतो तर मासिकाने उत्तर द्यायचंच, या धर्तीचा त्यांचा युक्तिवाद होता आणि हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार होता. खटला हरले. दंड दोनशे रुपये. अजित दळवींनी यावर नाटक लिहिलं आणि २०१७मध्ये अतुल पेठ्यांनी ते बसवलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल.

माझं म्हणणं या खटल्यावरच उभं आहे. आपल्याकडच्या धर्माभिमान्याला कृतीपेक्षा उच्चाराची धास्ती जास्त. कृतीबद्दल त्याच्या पोथ्यांमध्ये एकवाक्यता नाहीच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाला वस्त्रांसकट स्नान सांगितलंय. म्हणजे ओंकारेश्वराखाली नदीत एक बुडी. (आजच्या मुठेत ती मारायची तर शिक्षा बरीच कडक म्हणावी लागेल.) त्याच अध्यायात हेच कृत्य जात घालवणाऱ्या पातकांतही मोजलंय. आणि आठव्या अध्यायात कुमारिकेशी असं वागणाऱ्या स्त्रीचं मुंडन, बोटं तोडणं, गाढवावरून धिंड. तेव्हा 'आमचा धर्म मुळात उदार होता, सगळं इंग्रजांनी बिघडवलं' हे आपल्या पुरोगामी मित्रांचं लाडकं वाक्य मी म्हणणार नाही. पुरुषाला आंघोळ आणि बाईची बोटं, हा उदारपणा नव्हे.

पण असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पोथीतून आलेलं नव्हतं, हेही खरंच. १८६०च्या दंडसंहितेत ते इंग्रजांनी घातलं. त्याचं मूळ आठव्या हेन्रीच्या १५३३च्या कायद्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये ते सैल केलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात धावले कोण? सुरेश कुमार कौशल हे ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना. एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी ट्यूडर राजाचा वारसा राखायला एकत्र आली आणि ११ डिसेंबर २०१३ला जिंकलीही. त्याआधी बरोबर दोन वर्षं, त्याच तारखेला पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली होती. बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू करून बोलायला सुरुवात केली होती, तेही याच शहरात.

६ सप्टेंबर २०१८ला गुन्हा पुसला गेला. आता वाद लग्नाचा आहे. इथे मला विरोधकांचं नीट ऐकायचंय, कारण ते माझे शेजारी आहेत. संघाचं मोतीबाग कार्यालय याच पेठेत आहे. संघाने २०१८मध्ये 'हा गुन्हा नव्हे' हे मान्य केलं. जानेवारी २०२३मध्ये सरसंघचालकांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन अशी माणसं पूर्वीपासून आहेत, असं सांगितलं. मार्चमध्ये संघाचेच दत्तात्रेय होसबाळे म्हणाले, विवाह हा करार नव्हे, संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांतच होतो. ही भूमिका टवाळीची नाही. ज्याच्या मनात अंतरपाट, सप्तपदी, पितृऋण यांना खरोखर अर्थ आहे, त्याला प्रश्न पडणारच.

मात्र संस्काराचा हा मुद्दा पुण्याने आधीही ऐकलाय. १८९१मध्ये संमतीवयाचं बिल आलं. मुलीचं वय दहाचं बारा करायचं, एवढीच मागणी. त्याने गर्भाधानसंस्कार बुडतो, म्हणून केवढा गदारोळ झाला! टिळक विरोधात होते. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हाही त्यांचा मुद्दा होता आणि तो पोकळ नव्हता. तरी दहा वर्षांच्या मुलीकडे बघितलं की तो मुद्दा कुठे राहतो? दोनच वर्षांनी, १८९३मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तोही शास्त्रद्रोहच ठरला. त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. आज त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मेट्रो धावते. संस्कारांची कुंपणं सरकतात. बहिष्कार घालणाऱ्यांची नातवंडं नंतर त्याच माणसाच्या पुतळ्याला हार घालतात.

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आणि चेंडू संसदेकडे टोलवला. त्या सुनावणीत केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचं म्हटलं होतं. दोन खोल्यांत भाड्याने राहणारे आमचे वरचे गृहस्थ हे ऐकून हसले असते. त्यांच्या मित्राला लग्नाचा दाखला नको होता बहुधा. घाटावर चार पायऱ्या खाली उतरायची मुभा पुरली असती.

आता आपल्याकडे येतो, लेखकांकडे. तेंडुलकरांनी १९८१मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणलं. धाडस मोठं, पण सुमित्राला शेवटी मरावंच लागतं. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'पर्यंत, म्हणजे २००६पर्यंत, आणखी पंचवीस वर्षं गेली. तिथे निदान दुःख प्रेमभंगाचं आहे, इतर कोणाच्याही प्रेमभंगासारखं. या दोन तारखांच्या मधल्या काळात आम्ही संपादक काय करत होतो?

मी काय करत होतो, ते सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका दिवाळी अंकाचं काम पाहत असे. एकदा कथेऐवजी पत्र आलं, चार पानी, आखीव कागदावर. मुलगा याच पेठेतला. घरी रोज विष्णुसहस्रनाम होतं, ते त्याला मनापासून आवडतं, आणि वर्गातला एक मित्रही आवडतो. या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात का, असं त्याने विचारलं होतं. र. धों. कर्व्यांवर आम्ही त्याच अंकात लेख छापत होतो, चांगला दहा पानांचा. त्या मुलाला मी छापील पोस्टकार्ड पाठवलं: साहित्य मिळालं, अंक भरल्यामुळे स्वीकारता येत नाही.

पत्र अजून माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात त्यावरचा पत्ता शोधत गेलो. वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत झालीय. खालच्या दुकानदाराला आडनाव सांगितलं. तो म्हणाला, "ते होय, कधीच गेले सोडून. तुमचं काय काम होतं?"