फिल्टरला क्लोरिनची जोड

मेळघाटातल्या किंवा धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवर पावसाळ्यात झऱ्याचं, नाल्याचं गढूळ पाणी प्यावं लागतं. तिथे विजेशिवाय चालणारा, हातात मावणारा फिल्टर हा मोठाच आधार. गाळण्याचा गुण सिद्ध झालेला आहे. बांगलादेशात शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटलेले असतात आणि कापड ते जीव अडवतं. तरीही माझं आग्रहाचं सांगणं आहे, की नुसत्या गाळण्यावर विसंबू नका. हातात मावणाऱ्या या पोकळ तंतूंच्या फिल्टरची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची असतात. त्यांतून जिवाणू सुटत नाहीत, पण काविळीचा हिपॅटायटिस-ए विषाणू त्याहून कितीतरी बारीक, तो पार निघून जातो. त्याला क्लोरिन मारतं. उलट, जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला दाद देत नाही. त्याला फिल्टर अडवतो. शिवाय गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्ची पडतं. म्हणून आधी गाळायचं, मग आशाताई सांगतील त्या प्रमाणात मेडिक्लोर हे क्लोरिनचं औषध घालून अर्धा तास थांबायचं.

कुणी म्हणेल, पाणी उकळलं की पुरे. उकळल्याने जंतू मरतात हे खरं, पण रोज त्यासाठी सरपण लागतं आणि निवलेल्या पाण्यात कुणी हात बुडवला की ते पुन्हा दूषित होतं. पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरिन तिथेही राखण करतं. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवं. गावचे जलसुरक्षक ओटी टेस्टने ते तपासतात. वासामुळे अनेक घरांत औषध टाळलं जातं. पण तो हलका वास म्हणजे संरक्षण टिकून असल्याची खूण आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर मात्र यातला एकही उपाय चालत नाही. उकळल्याने तर ते अधिकच दाट होतं. तिथे पाण्याचा स्रोतच बदलायला हवा. बाकी ठिकाणी फिल्टर तुंबला की स्वच्छ पाणी उलट्या दिशेने सोडून धुवा, पाणी झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच काढा. पाड्यावर फिल्टर वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यासोबत मेडिक्लोर, झाकणाचं भांडं आणि ओगराळं द्यावं, आणि ते कसं वापरायचं हे घरोघरी दाखवावं.